प्रतिमा वाचणारे आणि वाचायला शिकवणारे

वैद्यकीय महाविद्यालयातील क्ष-किरणशास्त्राच्या अध्यापकाच्या मतावाचून आज मोठी शस्त्रक्रिया सहसा ठरत नाही, कर्करोग किती पसरला आहे हे निश्चित होत नाही, आणि डोक्याला मार लागलेल्या अपघातग्रस्ताला तातडीने शस्त्रक्रियागृहात न्यायचे की निरीक्षणाखाली ठेवायचे याचाही निर्णय होत नाही. तरीही या माणसाचे नाव रुग्णाला जवळपास कधीच ठाऊक नसते. शल्यचिकित्सकाचे नाव गावोगाव घेतले जाते, बाळंतपण करणाऱ्या डॉक्टरांच्या घरी पेढे पोचतात, पण ज्या अहवालाच्या आधाराने पुढचे सगळे घडले त्या अहवालाखाली कोणाची सही होती हे वाचण्याची आपल्याकडे पद्धत नाही. या अनोळखीपणाचे एक कारण असे की हे काम बंद खोलीत, पडद्यासमोर, रुग्ण निघून गेल्यानंतर चालते. दुसरे कारण अधिक गंभीर आहे: तपासणी यंत्र करते आणि निदानही यंत्रच करते, असा समज सुशिक्षित समाजातही खोलवर रुजलेला आहे. यंत्र प्रतिमा देते, तिचा अर्थ माणूस लावतो, आणि तो अर्थ लावायला शिकवणारी माणसे तयार व्हायला वीस-वीस वर्षे लागतात, या वस्तुस्थितीचा विचार एखाद्या ठरावीक जिल्ह्याच्या अंगाने केला तरच तिचे महत्त्व नीट ध्यानात येते.

यवतमाळ शहराला लागून, दारव्हा मार्गावर वसलेले लोहारा हे गाव अशा विचारासाठी योग्य ठिकाण आहे. धाराशिव जिल्ह्यात याच नावाचा तालुका आहे, त्याच्याशी या गावाचा संबंध नाही. एका बाजूला औद्योगिक वसाहत आणि तिच्यातील डेनिम कापडाचा कारखाना, दुसऱ्या बाजूला कापूस, तूर आणि सोयाबीनची कोरडवाहू शेती, अशा दोन जगांच्या सांध्यावर हे गाव उभे आहे आणि त्यामुळे यंत्रात हात सापडलेला कामगार, फवारणीने बाधलेला शेतमजूर आणि वर्षानुवर्षे गुडघे-कंबर धरून बसलेली म्हातारी असे सगळ्या प्रकारचे रुग्ण येथून निघतात. दुखणे हाताबाहेर गेले की त्यांच्यासाठी पहिले मोठे रुग्णालय म्हणजे यवतमाळचे श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. पुसदच्या वसंतराव नाईकांचे नाव धारण करणारी ही संस्था १९८९ साली सुरू झाली. तेथे भागले नाही तर वर्धा जिल्ह्यातील सावंगीचे रुग्णालय किंवा १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांनी उभे केलेले सेवाग्रामचे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान, आणि त्याहीपुढे दीडशे किलोमीटरच्या आसपास असलेल्या नागपुरातील ‘मेडिकल’, म्हणजे १९४७ साली स्थापन झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, अशी ही चढती वाट आहे. या वाटेवरच्या प्रत्येक टप्प्यावर क्ष-किरणशास्त्र विभाग आहे, आणि रुग्णाला पुढच्या टप्प्यावर पाठवायचे की नाही हे बहुतेक वेळा त्या विभागात ठरते.

या विभागातील अध्यापक घडण्याचा मार्ग सरळ आहे, पण लांब आहे. एमबीबीएसची आंतरवासितेसह साडेपाच वर्षे, त्यानंतर नीट-पीजी ही देशव्यापी प्रवेशपरीक्षा, मग रेडिओडायग्नोसिस या विषयातील तीन वर्षांची एमडी पदवी, म्हणजे प्रतिमांच्या साहाय्याने निदान करण्याचे शास्त्र. त्यानंतर किमान एक वर्ष वरिष्ठ निवासी डॉक्टर म्हणून, रुग्णालयातील बोलीत ‘एसआर’ म्हणून, काम केले की सहायक प्राध्यापकपदाची पात्रता येते. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने ठरवलेल्या अटींनुसार सहायक प्राध्यापक म्हणून चार वर्षे आणि त्यासोबत शोधनिबंध, संशोधनपद्धती व अध्यापनतंत्र यांचे प्रशिक्षण झाले की सहयोगी प्राध्यापक, आणि त्या पदावर आणखी तीन वर्षे व आणखी निबंध झाले की प्राध्यापक, अशी ही शिडी आहे. शासकीय महाविद्यालयात या पायऱ्यांची कायम नियुक्ती महाराष्ट्र लोकसेवा आयोगामार्फत होते, आणि आयोगाची निवड होईपर्यंत अनेक पदे कंत्राटी नेमणुकीवर चालतात. कागदावर पस्तीस-छत्तीसाव्या वर्षी प्राध्यापक होता येते. प्रत्यक्षात पद रिक्त असणे, जाहिरात निघणे आणि बदली होणे यांवर सारे अवलंबून राहते.

पदव्यांच्या या हिशेबात एक गोष्ट दिसत नाही, ती म्हणजे पाहण्याची तालीम. छातीच्या साध्या क्ष-किरण चित्रात, ज्याला आजही रुग्ण आणि डॉक्टर दोघेही ‘प्लेट’ म्हणतात, फुप्फुसे, हृदय, बरगड्या, श्वासनलिका, डायफ्रामचा पडदा आणि त्याखालचे पोट यांच्या सावल्या एकमेकींवर पडलेल्या असतात, आणि तीन मितींचे शरीर दोन मितींत चेपले गेल्यामुळे हृदयामागची गाठ, गळपट्टीच्या हाडामागचा क्षयाचा डाग किंवा डायफ्रामखाली साचलेली हवेची बारीक चंद्रकोर सहज निसटते. चांगला अध्यापक नवख्या विद्यार्थ्याला म्हणूनच आधी रोग शोधायला सांगत नाही. तो क्रम शिकवतो. नाव आणि तारीख, डावी-उजवी खूण, रुग्ण सरळ उभा होता का, श्वास पुरेसा घेतला होता का, मग श्वासनलिका, मग दोन्ही फुप्फुसांची तुलना, मग हृदयाची कड, आणि शेवटी ज्या चार-पाच जागा सगळ्यांच्याच नजरेतून सुटतात त्या पुन्हा एकदा. एक दोष सापडला की नजर समाधान पावते आणि दुसरा दोष शोधायचे थांबते, हे या शास्त्रात फार आधीपासून नोंदले गेलेले निरीक्षण आहे. बरगडीचे मोडलेले हाड चटकन सापडले म्हणून त्याच प्लेटमधली फुप्फुसातली गाठ राहून गेली, असे प्रसंग टाळण्यासाठी विद्यार्थ्याला सापडलेल्या दोषानंतरही शोध चालू ठेवण्याची शिस्त लावावी लागते.

ही शिस्त किती कठीण आहे हे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने स्पष्ट केले. ट्राफ्टन ड्रू, मेलिसा व्हो आणि जेरेमी वुल्फ या संशोधकांनी फुप्फुसाच्या सीटी स्कॅनमध्ये गोरिलाचे छोटे चित्र मिसळले. ते चित्र शोधायच्या गाठींच्या सरासरी आकाराहून ४८ पट मोठे होते, तरी २४ अनुभवी रेडिओलॉजिस्टांपैकी २० जणांना ते दिसलेच नाही, आणि डोळ्यांच्या हालचाली टिपणाऱ्या उपकरणाने दाखवले की त्यांतील बहुतेकांची नजर नेमकी त्या जागेवरून गेली होती. हे निष्काळजीपणाचे उदाहरण मानणे चूक ठरेल. माणूस जे शोधत असतो तेच त्याला दिसते, हा मानवी दृष्टीचा स्वभाव आहे, आणि म्हणून काय शोधायचे हे ज्याला अनुभवाने ठाऊक आहे अशा माणसाच्या शेजारी बसूनच ही विद्या शिकावी लागते. रोज सकाळी विभागात आदल्या दिवशीच्या चित्रांचे जे सामुदायिक वाचन चालते, त्यात कनिष्ठ विद्यार्थ्याने आधी बोलायचे आणि प्राध्यापकाने शेवटी, असा जो संकेत पाळला जातो, त्याचा हेतू हाच असतो.

भारतात या विद्येच्या संस्थात्मक अध्यापनाची परंपरा जुनी आहे. विल्हेल्म रोंटगेन यांनी ८ नोव्हेंबर १८९५ रोजी क्ष-किरणांचा शोध लावला, आणि त्यानंतर चार दशकांच्या आत, १९३४ साली, मद्रासला बार्नार्ड इन्स्टिट्यूट ऑफ रेडिओलॉजी उभी राहिली. देशातील रेडिओलॉजिस्टांची संघटना त्याआधीच, १९३१ साली स्थापन झाली होती. महाराष्ट्रात मुंबईच्या केईएम, नायर, जेजे या रुग्णालयांनी आणि विदर्भात नागपूरच्या ‘मेडिकल’ व ‘मेयो’ या रुग्णालयांनी पिढ्या घडवल्या. केईएमच्या विभागाचे दीर्घकाळ प्रमुख राहिलेले डॉ. रवी रामकांतन यांच्यासारख्या अध्यापकांचे नाव आजही विद्यार्थी आदराने घेतात, कारण खाजगी व्यवसायाची दारे उघडी असताना त्यांनी सार्वजनिक रुग्णालयातील गर्दी हीच आपली शाळा मानली. १९७१ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला, पुढे एमआरआय आले, आणि एका माणसाने सगळे शरीर वाचण्याचा काळ मागे पडू लागला. आता मेंदूची चित्रे, हाडे-सांधे, स्तन, बालरोग आणि रक्तवाहिनीतून बारीक नळी घालून उपचार करणारी हस्तक्षेपी शाखा, असे स्वतंत्र पोटविषय झाले आहेत. त्रिवेंद्रमची श्री चित्रा तिरुनाल संस्था आणि बंगळुरूची निम्हान्स येथे मेंदूच्या प्रतिमांवर स्वतंत्र डीएम पदवीही मिळते.

जिल्ह्याच्या महाविद्यालयातील अध्यापकाला असा एकच कप्पा निवडण्याची चैन परवडत नाही. मात्र त्याच्याकडे दुसऱ्या प्रकारचे प्रावीण्य जमा होत जाते, आणि या लेखाचा खरा विषय तेच आहे: एका भूभागातील माणसांच्या शरीरात होणाऱ्या बदलांचे ज्ञान. हे ज्ञान मोठ्या ग्रंथांत पूर्णपणे सापडत नाही, कारण ग्रंथ बहुतेक वेळा दुसऱ्या भूभागात लिहिले गेलेले असतात.

सिकलसेल हे त्याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. रक्तातील हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, एवढ्या एका बदलामुळे प्राणवायू कमी होताच लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात, आणि ज्या भागाला रक्त मिळत नाही तो भाग मरू लागतो. विदर्भातील आदिवासी आणि इतर अनेक समाजांत हा विकार पिढ्यानपिढ्या आहे. १९५८ साली शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलविषयीचा निबंध ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला, तेव्हापासून त्याची वैद्यकीय नोंद आहे. पाश्चात्त्य ग्रंथ आफ्रिकी वंशाच्या रुग्णांवर आधारलेले असल्याने ते सांगतात की अशा रुग्णाची प्लीहा, म्हणजे पाणथरी, बालपणीच वारंवार रक्तपुरवठा तुटून सुकते आणि सोनोग्राफीत ती लहान, खरखरीत किंवा दिसेनाशी झालेली आढळते. भारतात आढळणारा सिकलसेलचा जनुकीय प्रकार वेगळा आहे, त्यात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण अधिक टिकून राहते, आणि त्यामुळे येथील कितीतरी रुग्णांची पाणथरी मोठेपणीही वाढलेलीच दिसते. पुस्तक पाठ करून आलेला विद्यार्थी मोठी पाणथरी पाहून मलेरिया, यकृताचा विकार असा विचार करत जातो आणि सिकलसेल यादीतून काढून टाकतो. विदर्भात वर्षानुवर्षे सोनोग्राफीचा प्रोब धरलेला अध्यापक त्याला तेथेच थांबवतो.

याच आजारात खुब्याच्या सांध्याची गोष्ट आणखी नाजूक आहे. मांडीच्या हाडाच्या गोल डोक्याला होणारा रक्तपुरवठा तुटला की ते डोके आतून मरते, पण साध्या प्लेटमध्ये कित्येक महिने काहीच दिसत नाही, आणि दिसू लागते तेव्हा पृष्ठभागाखाली चंद्रकोरीसारखी काळी रेघ उमटलेली असते, म्हणजे हाड कोसळायला लागलेले असते. एमआरआय मात्र कोसळण्याच्या फार आधी मेलेल्या आणि जिवंत हाडाच्या सीमेवर एकाशेजारी एक अशा दोन रेषा दाखवते. कापूस वेचणीला वाकून जाणाऱ्या विशीतल्या मुलीने कंबर दुखते म्हणून सांगितले आणि तिच्या घरात सिकलसेल आहे, तर प्लेट चांगली आली तरी तिला परत पाठवू नये, एमआरआय करावी, हा निर्णय अध्यापकाच्या अनुभवातून येतो. हाड तुंबून दुखते आहे की त्यात जंतुसंसर्ग होऊन पू साचला आहे, हा प्रश्नही या रुग्णांत नेहमी उभा राहतो, आणि हाडाच्या आवरणाखाली द्रव साचला आहे का हे सोनोग्राफीने शोधून उत्तराच्या जवळ जाता येते. मुलांमध्ये पक्षाघाताचा धोका आधीच ओळखण्यासाठी कवटीच्या बाजूने मेंदूतील रक्ताचा वेग मोजणारी डॉप्लर तपासणी वापरतात. हा वेग सेकंदाला २०० सेंटीमीटर किंवा त्याहून अधिक असलेल्या मुलांना नियमित रक्त दिल्यास पक्षाघाताचे प्रमाण ९० टक्क्यांहून अधिक घटते, हे १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीने सिद्ध केले. १ जुलै २०२३ रोजी देशात सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, तिचा भर रक्ततपासणीवर आहे आणि तो रास्तच आहे; पण आजार सापडलेल्या मुलांची ही डॉप्लर तपासणी करणारे शिक्षित हात जिल्ह्यातच तयार व्हावे लागतील, आणि ते हात तयार करण्याचे काम या विभागांखेरीज दुसरे कोणी करणार नाही.

दुसरे उदाहरण पाण्याचे. यवतमाळ जिल्ह्याच्या काही भागांत खोल बोअरच्या पाण्यात फ्लोराइड मर्यादेपेक्षा जास्त आढळते. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे दीड मिलिग्रॅम ही जागतिक आरोग्य संघटनेची कमाल मर्यादा आहे. असे पाणी अनेक वर्षे पोटात गेले की दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात एवढे लोकांना माहीत असते, परंतु हाडांमध्ये होणारा बदल आधी क्ष-किरण चित्रात दिसतो: मणके आणि कटीचे हाड पांढरेशुभ्र, खडूसारखे दाट होतात, कण्याचे स्नायुबंध हाडासारखे घट्ट होतात, आणि कोपरापासून मनगटापर्यंतच्या दोन हाडांना जोडणाऱ्या पातळ पडद्यात चुन्याचे काटेरी थर चढतात. साठीच्या पुरुषाचे असे दाट झालेले मणके पाहून नवख्याच्या मनात पहिला विचार पुरस्थ ग्रंथीच्या, म्हणजे प्रोस्टेटच्या, हाडांत पसरलेल्या कर्करोगाचा येतो, कारण तोही हाडे अशीच पांढरी करतो. या ठिकाणी जाणता अध्यापक रुग्णाला बोलावून दोन गोष्टी करतो: पुढच्या हाताची एक साधी प्लेट काढायला सांगतो आणि गाव कोणते, पाणी कशाचे पिता, विहिरीचे की बोअरचे, हे विचारतो. पडद्यावर चढलेला थर दिसला आणि पाणी बोअरचे निघाले की घरच्यांवर कोसळणारे कर्करोगाचे सावट टळते आणि महागड्या तपासण्यांचा खर्च वाचतो. एका साध्या प्लेटने आणि एका प्रश्नाने होणारे हे काम म्हणजेच प्रावीण्य, असे म्हणायला हरकत नाही.

तिसरे उदाहरण खर्ऱ्याचे आहे. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घोटून तयार केलेला खर्रा गालात धरण्याची सवय विदर्भात शाळकरी वयापासून लागते. २०१२ साली राज्याने गुटख्यावर बंदी घातली, खर्रा मात्र टपरीवर घोटला जातच राहिला. त्यातून आधी तोंडाच्या आतील अस्तर आखडते, तोंड दोन बोटेही उघडत नाही, आणि पुढे गालात, हिरडीत कर्करोग होतो. सीटी स्कॅनमध्ये गाल आणि हिरडी एकमेकांना चिकटलेले असल्याने गाठ नेमकी कोठून निघाली हे कळत नाही, म्हणून रुग्णाला ओठ मिटून गाल हवेने फुगवायला सांगतात आणि त्या अवस्थेत स्कॅन घेतात. मधे हवा आली की दोन पृष्ठभाग वेगळे होतात आणि गाठीचे मूळ दिसते. सोपी वाटणारी ही युक्ती प्रत्यक्षात चिकाटीची आहे, कारण आखडलेल्या गालाच्या माणसाला हवा धरून ठेवता येत नाही, तो गिळतो, हलतो, आणि त्याला टेबलावर घेण्याआधी तंत्रज्ञाला त्याच्याकडून चार-पाच वेळा सराव करून घ्यावा लागतो. नंतर अहवालात एक ओळ सर्वांत मोलाची असते: खालच्या जबड्याच्या हाडाला वरच्या टोकाशी जी खाच असते, तिच्या खालीच रोग थांबला आहे की वर चढला आहे. खाली असेल तर शस्त्रक्रियेने तो समूळ काढण्याची आशा राहते, वर गेला असेल तर ती फार कमी होते. ही ओळ लिहायला विसरलेला अहवाल पाने भरूनही अपुरा असतो.

२०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा शासकीय रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात दाखल झालेल्यांच्या छातीच्या प्लेटा हा उपचाराचा रोजचा आधार होता. बेशुद्ध रुग्णाची उलटी फुप्फुसात गेली आहे का, फुप्फुसात पाणी भरते आहे का, श्वासाची नळी योग्य उंचीवर आहे का, हे खाटेवरच काढलेल्या धूसर प्लेटमधून वाचावे लागते. अशा प्लेटा कोणत्याही परिषदेत मांडल्या जात नाहीत, त्यांवर निबंध होत नाहीत, आणि पदोन्नतीच्या हिशेबात त्यांना स्थान नाही. निबंधांची संख्या मोजणारी व्यवस्था आणि रुग्णांची संख्या वाढत जाणारे रुग्णालय यांच्यामध्ये जिल्ह्यातील अध्यापकाची ओढाताण होते, ती येथे सर्वाधिक जाणवते. खरे तर सिकलसेल, फ्लोराइड, खर्रा आणि कीटकनाशके या चारही विषयांवर जगाला सांगण्यासारखे साहित्य याच विभागांच्या संगणकांत साठलेले आहे. त्यासाठी लागणारा वेळ आणि सांख्यिकीची मदत मिळत नाही, एवढेच.

या अध्यापकाच्या कामाला कायद्याची बाजूही मोठी आहे. गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी १९८८ साली कायदा करणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य. केंद्राचा कायदा १९९४ साली झाला आणि २००३ साली तो अधिक कडक करण्यात आला. तरीही शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींची संख्या राज्यात २००१ साली ९१३ होती, ती २०११ साली ८९४ झाली. या कायद्याखाली प्रत्येक गर्भवतीच्या सोनोग्राफीसाठी ‘एफ’ अर्ज भरावा लागतो. हा कारकुनी जाच असल्याची तक्रार व्यवसायात सर्रास ऐकू येते. पण ज्या राज्यात कायदा असतानाही हे आकडे घसरले, तेथे त्या अर्जाची शिस्त सैल करण्याचा विचार समर्थनीय वाटत नाही, आणि विद्यार्थ्याला पहिल्याच आठवड्यात तो अर्ज मनापासून भरायला लावणारा अध्यापक समाजाचे मोठे काम करतो. केवळ एमबीबीएस झालेल्या डॉक्टरांना सोनोग्राफी करायची असेल तर २०१४ च्या नियमांनुसार सहा महिन्यांचे प्रशिक्षण आणि परीक्षा आवश्यक आहे. चोवीस आठवड्यांनंतर गर्भात गंभीर व्यंग आढळल्यास गर्भपाताला परवानगी द्यायची का हे ठरवणाऱ्या वैद्यकीय मंडळात २०२१ च्या दुरुस्तीनुसार रेडिओलॉजिस्ट किंवा सोनोलॉजिस्ट असावाच लागतो. जन्मदाखला नसलेल्या मुलाचे वय ठरवताना मनगट, कोपर आणि कटीच्या हाडांच्या जुळणीवरून न्यायालयासाठी मत देण्याचे कामही याच विभागाकडे येते, आणि त्या मतात एक-दोन वर्षांची चूकभूल शक्य आहे हे न्यायालयासमोर स्पष्ट सांगण्याचा प्रामाणिकपणा त्यात लागतो.

किरणोत्सर्गाचे भानही शिकवावे लागते. १९८३ साली स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाच्या परवानगीशिवाय सीटी यंत्र चालवता येत नाही. किरणांजवळ काम करणाऱ्याच्या छातीवर मात्रा मोजणारा बिल्ला असतो, आणि त्याला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट व कोणत्याही एका वर्षी ३० मिलिसिव्हर्ट ही मर्यादा आहे. छातीच्या एका प्लेटमध्ये रुग्णाला मिळणारी मात्रा मिलिसिव्हर्टच्या दहाव्या भागाहूनही कमी असते, पोटाच्या सीटीत ती आठ-दहा मिलिसिव्हर्टपर्यंत जाते. म्हणून लहान मुलाच्या पोटदुखीला आधी सोनोग्राफी, हा नियम विद्यार्थ्याच्या हाडीमाशी मुरवावा लागतो.

एवढे सगळे करणाऱ्या माणसाला टिकवणे ही आजची खरी अडचण आहे. नीट-पीजीमध्ये अव्वल क्रमांक मिळवणारे विद्यार्थी गेली अनेक वर्षे रेडिओडायग्नोसिसला पहिली पसंती देतात, म्हणजे बुद्धिमत्तेचा तुटवडा नाही. पण पदवी हाती आल्यावर खाजगी स्कॅन केंद्रात मिळणारे उत्पन्न आणि शासकीय अध्यापकाचा पगार, त्यात खाजगी व्यवसाय न करण्याबद्दल मिळणारा व्यवसायरोध भत्ता धरूनही, यांची तुलना होऊ शकत नाही. त्यात २०२४ साली अमरावती, गडचिरोली, बुलढाणा, वाशीम आणि भंडारा या विदर्भातील पाच ठिकाणी एकदम नवी शासकीय महाविद्यालये सुरू झाली. महाविद्यालये वाढली हे स्वागतार्हच आहे, पण प्रत्येक नव्या विभागासाठी अध्यापक कोठून तरी आणावा लागतो, आणि तो बहुधा जुन्या विभागातूनच जातो. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या २०२५ च्या नियमांनी किमान २२० खाटांच्या शासकीय रुग्णालयांत दहा वर्षे काम केलेल्या तज्ज्ञांना सहयोगी प्राध्यापक होण्याची वाट मोकळी केली आहे. या तरतुदीवर शिक्षणक्षेत्रातून टीका झाली. जिल्हा रुग्णालयात दहा वर्षे प्लेटा वाचलेला माणूस वर्गात उभा राहणे ही मात्र विदर्भासारख्या भागासाठी लाभाची गोष्ट ठरू शकते, अट एवढीच की त्याला शिकवायलाही शिकवले पाहिजे.

दूरवरून वाचन करून घेण्याची सोय हा या टंचाईवरचा एक उतारा सांगितला जातो. प्रतिमा एका ठरावीक संगणकीय स्वरूपात जगात कोठेही पाठवता येते, आणि २००२ साली डॉ. अर्जुन कल्याणपूर यांनी बंगळुरूत सुरू केलेल्या संस्थेने अमेरिकेतील रात्रीचे स्कॅन भारतात दिवसा वाचून दाखवले तेव्हापासून या व्यवसायाने मूळ धरले. त्याचबरोबर मुंबईत २०१६ साली स्थापन झालेल्या क्युअर डॉट एआयसारख्या कंपन्यांनी छातीची प्लेट वाचणारी संगणकीय प्रणाली तयार केली, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली पंधरा वर्षांवरील व्यक्तींच्या क्षयरोग तपासणीत अशा प्रणालींचा वापर मान्य केला. कृत्रिम बुद्धिमत्तेचे संशोधक जेफ्री हिंटन यांनी २०१६ साली रेडिओलॉजिस्ट घडवणे आता थांबवावे असे सुचवले होते. ते भाकीत खरे ठरले नाही. रात्री दोनला आलेल्या अपघातग्रस्ताचा स्कॅन वाचायला आणि गावोगावच्या क्षयरोग शिबिरांत हजारो प्लेटांची चाळणी करायला या साधनांचा उपयोग निश्चित आहे. परंतु बोअरचे पाणी पिता का, घरात सिकलसेल आहे का, खर्रा किती वर्षांपासून आहे, हे विचारून चित्राचा अर्थ बदलणारा माणूस रुग्णापासून हाकेच्या अंतरावर असावा लागतो, आणि त्याच्याजवळ बसून शिकणारे विद्यार्थीही असावे लागतात. म्हणून शासनाने नव्या यंत्राच्या खरेदीची घोषणा करताना त्याच आदेशात त्या विभागातील रिक्त अध्यापकपदे भरण्याची तारीखही जाहीर करावी. यंत्राला देखभालीचा करार असतो, तशी माणसाला टिकवण्याची तरतूद, म्हणजे निवासस्थान, ठरावीक मुदतीत पदोन्नती आणि संशोधनासाठी मोकळा वेळ, त्या खर्चातच धरली जावी.

वाचकांनाही या कामात एक साधा हातभार लावता येतो. आजचे चित्र जुन्या चित्राशी ताडून पाहणे यासारखे दुसरे विश्वासार्ह साधन रेडिओलॉजिस्टच्या हाती नाही. फुप्फुसातला डाग पाच वर्षांपूर्वीही तेवढाच होता हे दिसले तर रुग्णाची बायोप्सी टळू शकते. लोहाऱ्यात असो की इतर कोठे, घरातल्या ट्रंकेत आणि गादीखाली ज्या जुन्या प्लेटा, सीडी आणि अहवाल पडून आहेत, ते मोडू नयेत, रद्दीत देऊ नयेत, तारखेप्रमाणे लावून ठेवावेत आणि पुढच्या तपासणीला जाताना सोबत न्यावेत.